दुसऱ्या पाळीतला माणूस

गादी थंड होती.

रात्रपाळीहून परतल्यावर बूट दाराबाहेर काढायचे, तोंडावर पाणी मारायचे आणि मधल्या कॉटवर अंग टाकायचे, हे सारे मी केव्हाच देहाकडे सोपवून दिले होते. त्यात मन असण्याची गरज उरली नव्हती. पण त्या सकाळी पाठ टेकताच मी दचकून उठून बसलो. ओल्या फरशीवर अनवाणी पाय पडावा तसे झाले. मी तळहात फिरवून पाहिला, उशाकडे, पायथ्याकडे, भिंतीकडच्या कडेशी जिथे गादी नेहमी दबलेली असे तिथे. सगळीकडे सारखाच गारवा. चादर मी आदल्या संध्याकाळी घडी करून ठेवली होती तशीच होती. कोंडीराम रात्री आला नव्हता.

कोंडीरामला मी कधी पाहिलेले नव्हते. चाकणजवळ निघोज्याला इंदुताईंच्या शेतात आता पिकाऐवजी पत्र्याच्या खोल्या उभ्या आहेत आणि त्या खोल्यांतून कॉट भाड्याने मिळतात. एका कॉटला दोन माणसे, एक दिवसपाळीचा, एक रात्रपाळीचा. त्याची कंपनी चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तो शेवटच्या घटकेपर्यंत झोपणारा. माझी बस नाक्यावर थांबे तेव्हा तो मागच्या बोळातून निघालेला असे. संध्याकाळी मी निघाल्यावर तो येई. त्याच्या सुट्टीला तो पुनावळ्यात मेहुण्याकडे जाऊन रात्री परते, माझ्या सुट्टीला मी निगडीत आईच्या मावसबहिणीकडे. असे महिनोन्‌महिने चालले होते. मला ठाऊक होती ती त्याची ऊब. पहिल्या काही दिवसांत मला तिची किळस आली होती. परक्या देहाने वापरून ठेवलेली ती उष्णता अंगाला चिकटते असे वाटे, आणि मी गादी उलटी करून झोपत असे. मग केव्हातरी उलटी करणे थांबले. मग तिच्याशिवाय डोळा लागेना. त्यात यंत्रावर सोडतात त्या कूलंटचा आंबूस वास असे, तंबाखूचा असे, आणि गादीचा खळगा फक्त भिंतीकडच्या अर्ध्या भागात. उरलेली अर्धी गादी तो कुणासाठी मोकळी ठेवी, कोण जाणे. उशाशी पाण्याची बाटली भरलेली असे. ती मी कधी भरली नव्हती.

तेवढ्यात आईचा फोन आला. गावाकडून, नेवाशाजवळून, तो रोज याच वेळी येतो. जेवलास का, झोपणार ना आता, आणि शेवटी ठरलेला प्रश्न, “प्रभू बरोबर हाय ना रं?” मी म्हणालो, “हो.” कंपनीच्या फाटकातल्या यंत्रावर अंगठा टेकवावा तसा मी तो होकार रोज टेकवतो; दिवा हिरवा होतो आणि आत जाता येते. माझ्या होकारात खोटे काही नव्हते, खरेही काही नव्हते. निगडीच्या मावशीच्या घरी गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनेला माणसे जमतात. एकेक जण उठून साक्ष देतो. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाचा नवरा दारू सोडून घरी आलेला असतो, आणि प्रत्येकाला त्यात येशू दिसलेला असतो, इतका स्पष्ट की जणू तो आताच चहा पिऊन उठून गेला. मी चपलांजवळ बसतो. कुणी आपल्याकडे वळून ‘आता निरंजन’ असे म्हणेल या भीतीने मी मान खाली घालून चपलांच्या जोड्या लावत राहतो. माझ्याकडे सांगण्यासारखे काही नसते. रात्रभर पांढऱ्या दिव्याखाली मी लोखंडी भाग तपासतो. बोटाच्या पेराने कड चाचपायची, कुठे धातूची कुसळासारखी कूस राहिली आहे का पाहायचे आणि दोष असलेला भाग लाल खोक्यात टाकायचा. माझ्या बोटांना दोष शोधण्याचे शिक्षण आहे. असणे ओळखण्याचे नाही. कधीकधी मनात येई की ज्या माणसाचा चेहराही मला ठाऊक नाही त्या कोंडीरामच्या असण्याचा पुरावा मला रोज सकाळी पाठीखाली मिळतो. प्रभूने तेवढी ऊबही कधी मागे ठेवलेली नाही. असा विचार आला की मी कूस बदलून झोपत असे.

“जागाच हाईस व्हय?” इंदुताई दारात उभ्या होत्या, पदर कमरेला खोचलेला. “कोंडीराम दिसला का तुला?”

“मला तो कधीच दिसत नाही, ताई.”

“ते बी खरंच म्हना.” त्या उंबऱ्यावर टेकल्या. “काल सांजच्याला तळेगाव रस्त्यावर एका कामगाराला गाडीनं उडवलं म्हनं. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलाय. जवळ काय बी गावलं न्हाई, निळा शर्ट व्हता, येवढंच कळलं. आन्‌ ह्याचा फोन कालधरनं बंद.”

“दिसतो कसा तो?” मी विचारले, आणि विचारता विचारताच मला लाज वाटली.

“कसा म्हंजे? सावळा हाय, मिशी हाय, अंगानं बारीक.”

“ताई, असे तर अर्धे चाकण आहे.”

“मग ऱ्हायलेलं अर्धं तरी सोडून बघ की!” त्या हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावला. “तूच जा, बाबा. त्याच्या बायकूला ठावं नसंल येवढं त्याचं अंथरूण तुला ठावं हाय.”

मला जायचे नव्हते. डोळ्यांत वाळू होती, आणि त्याहून मोठे कारण होते. ठेकेदाराचा माणूस दिग्विजय आदल्याच रात्री मला बाजूला घेऊन म्हणाला होता, “निरंजन भाऊ, या आठवड्यात पोरं कंपनीच्या रोलवर घेणारेत. तुझं नाव मी पुढं केलंय. एकसुद्धा खाडा नको, काय? खाडा झाला की संपलं.” रोलवर येणे म्हणजे कायम नोकरी, आणि कॉट सुटणे. मोशीकडे कुठेतरी स्वतःची खोली, खिडकीत तुळस नाही तरी कोथिंबिरीचा डबा आणि आई. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. ती चुलीवर भाकरी हाताने चाचपून उलटते, असे शेजारचे सांगतात आणि ती नाकारते. ती खोली मी मनात इतक्यांदा झाडली होती की तिच्या फरशीचा गारवा मला ठाऊक होता. दुपारपर्यंत परत येऊ, झोपू, संध्याकाळी बस धरू, असा हिशेब करून मी निघालो. पण बसमध्ये बसल्यावर, नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेऊन रांगणारे ट्रक मागे पडत असताना, माझ्या पाठीला तो गारवा पुन्हा जाणवू लागला, जणू गादी मी अंगावर घेऊनच निघालो होतो.

वॉर्डात परिचारिकेने मान वर न करता विचारले, “कोण लागता?”

याचे उत्तर मी वाटेत तयार केलेले नव्हते. “आम्ही एका कॉटवर झोपतो,” मी म्हणालो.

तिने मान वर केली. शेजारच्या खाटेजवळ नवऱ्याचे पाय चेपत बसलेली एक म्हातारी फिसकन हसली. “आँ?”

“म्हणजे तो रात्री, मी दिवसा.”

“मग बरंय की! भांडान न्हाई, तंटा न्हाई,” ती म्हणाली. “आमचं सावळाराम बगा, उभा जलम घोरून माजी झोप खाल्ली.” खाटेवरचा सावळाराम डोळे मिटूनच पुटपुटला, “घोरतीया ती. मी निस्ता ऐकतो.” म्हातारीचे नाव कुशाबाई, गाव चऱ्होली. थोड्याच वेळात तिने मला नळ कुठे आहे, कापूस कुणाकडे मागायचा, कोणत्या वॉर्डबॉय मामाला चहा पाजला की स्ट्रेचर लवकर मिळतो, हे सारे सांगून टाकले.

अपघातातला माणूस कोपऱ्यातल्या खाटेवर होता. डोक्याला पट्टी, चेहरा सुजून एका बाजूला ओढलेला, डोळ्यांच्या जागी दोन निळसर फुगे. मिशी होती. सावळा होता. पण माझी खात्री पटली ती दुसऱ्याच गोष्टीने. शुद्ध हरपलेली असतानाही तो खाटेच्या अगदी कडेला, अंग चोरून, एका कुशीवर पडला होता. उरलेली अर्धी खाट मोकळी होती. माझ्या छातीत काहीतरी लकाकले. हाच. महिनोन्‌महिने ज्याच्या आकारात मी झोपत आलो, तो आकार समोर भरलेला होता. मी स्टूल ओढले.

मग मला माझेच आश्चर्य वाटू लागले. ज्याला लोकांत हात कुठे ठेवावेत हे कळत नाही, तो मी कापूस ओला करून त्याच्या ओठांवर टेकवत होतो, मामाबरोबर स्ट्रेचर ढकलत तपासणीच्या खोलीपर्यंत जात होतो, कुणाच्या तरी अंगावर ओरडतही होतो. त्याच्या तळहातांच्या रेषांत काळे वंगण साचले होते. मी ते साबणाच्या पाण्याने एकेक बोट धरून पुसले. दोष शोधणारी माझी बोटे त्याच्या बोटांवरून फिरताना काहीच शोधत नव्हती. मध्येच तो गुंगीत हात उचले आणि नाकातली नळी ओढू पाही. मी हात धरला की शांत होई. “असंच बसा,” परिचारिका म्हणाली. “आजची रात्र महत्त्वाची आहे. जवळ माणूस नसला की आम्हाला हात बांधावे लागतात.”

वडील असेच पडले होते. मी शाळेत होतो. नगरच्या एका दवाखान्यात त्यांच्या छातीतला तो खरखरीत आवाज रात्रभर चाले आणि आई आणि मी खाटेखाली पोते अंथरून झोपत असू. एका सकाळी आई शेजारणीला सांगत होती, “राती प्रभू येऊन बसला व्हता ह्यांच्यापाशी. मी डोळ्यानं बगितला.” मी जागा होतो. मीही पाहिले होते. वॉर्ड झाडणारी बाई काम संपवून स्टुलावर टेकली होती आणि वडिलांच्या कपाळावर तिने नुसता हात ठेवला होता, झाडू मांडीवर आडवा. मी आईला म्हणालो, “अगं, ती झाडणारी मावशी होती.” आई माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फसवले गेल्याची खूणही नव्हती. “मी कुठं न्हाई म्हनते?” ती म्हणाली. वडील दोन दिवसांनी गेले. त्यानंतर ती प्रभूला कधी काही विचारत नाही, फक्त माझ्याबरोबर आहे ना एवढे मला विचारते. त्या वाक्यापाशी मी तेव्हापासून उभा आहे. आत जाता येत नाही, आणि पाठ फिरवून निघताही येत नाही. कुणीतरी दार उघडेच ठेवले आहे आणि माझ्याच पायांना उंबरा ओलांडणे माहीत नाही, असे काहीसे.

ऊन खिडकीतून उतरून समोरच्या भिंतीवर गेले होते तेव्हा फोन वाजला. अनोळखी क्रमांक.

“निरंजनराव का? मी कोंडीराम बोलतो.”

आवाज बारीक होता, जवळजवळ पोरसवदा. मी त्याला मनात दिलेला आवाज जड आणि घोगरा होता. “महा फोन पाण्यात पडला बगा. मेव्हण्याकडं पुनावळ्याला गेल्तो, तिथंच मुक्काम पडला. आत्ता इंदुताईला लावला तं त्या म्हणल्या, तुमी मह्यापायी दवाखान्यात बसलाव!” तो हसू लागला, मग हसणे अर्ध्यावर थांबले. “काहून वो, खरंच बसलाव?”

“हो.”

“मंग तो कोन हाय?”

“माहीत नाही.”

“तुमी झोपले बी नसतान,” तो म्हणाला, आणि मग ओशाळून फोन ठेवला.

मी खाटेकडे पाहिले आणि जे झाले त्याची मला अजून भीती वाटते. चेहरा बदलला. तीच पट्टी, तीच मिशी, तोच चोरलेला देह. पण सकाळपासून त्यात जो माणूस होता तो उठून गेला आणि मागे एक अपरिचित सुजलेले डोके राहिले. कडेला निजण्याची खूण ती कसली? चाकणच्या पत्र्याखाली झोपणारी सगळीच माणसे अशी झोपतात. दुसऱ्याची जागा सोडून झोपणे इथे हाडांना शिकवले जाते. माझ्या हातात त्याचा हात होता. मी तो अलगद खाली ठेवला, चुकून दुसऱ्याची वस्तू उचलल्यावर ठेवावी तसा. फसवणूक झाल्यासारखे वाटत होते, आणि कुणी फसवले ते सांगता येत नव्हते. तो कोंडीराम नव्हता, यात त्याचा काही अपराध नव्हता.

मी परिचारिकेला सांगितले. ती रागावली असती तर बरे झाले असते. “असं होय,” ती मऊपणे म्हणाली. “पोलिसांना कळवलेलं आहेच. तुम्ही जा. सकाळपासून बसलाय.” तिने खणातून पट्टीची गुंडाळी काढली, त्याचे एक मनगट खाटेच्या लोखंडी दांड्याला बांधले, मग दुसरे. गाठ सैल होती, त्वचेला लागू नये म्हणून तिने खाली कापूस घातला. हात दोन बाजूंना पसरून तो आता खाटेच्या बरोबर मध्यभागी उताणा पडला होता. कुशाबाईने नवऱ्याच्या पायांवरचे हात थांबवले आणि माझ्याकडे पाहिले. मी निघालो.

पिंपरी चौकात निगडीहून सुटलेली कंपनीची बस संध्याकाळी थांबते. मी पुलाखाली उभा होतो. भोवती इतकी माणसे होती, निळ्या शर्टातली, करड्या शर्टातली, गळ्यात ओळखपत्रे लोंबणारी, आणि त्यातल्या प्रत्येकाचा चेहरा मला सावळा, मिशीवाला, बारीक दिसत होता. मी स्वतःला समजावत होतो, अत्यंत नीटपणे, मुद्द्याला मुद्दा जोडून. माझा कुणी नाही. परिचारिका चांगली आहे. गाठी सैल आहेत. आईला दिसेनासे होण्यापूर्वी ती खोली हवी. यातला एकही भाग सदोष नव्हता. मी पेराने प्रत्येकाची कड चाचपून पाहिली. तरीही आतून कुणीतरी अस्वस्थपणे येरझारा घालत होते. सकाळी हात पुसताना जे काही माझ्यातून त्याच्याकडे वाहत गेले होते, ते कोंडीरामचे नाव घेऊन गेले होते, पण पोहोचले होते ते याच हाताला. आता ते परत कसे मागायचे? आणि ज्याने ते दिले तो मीच होतो, याची तरी मला कुठे खात्री होती? मी तर असा नाही. मी चपलांजवळ बसणारा.

बस आली. दारात दिग्विजय लोंबकळत होता. “अरे, तू इथून कसा? चढ, चढ!”

मी एक पाय पायरीवर ठेवला. दांडा हातात आला, लोखंडी, थंड.

“चढ ना, राव! मुहूर्त बघतोयस का?”

“एक माणूस आहे दवाखान्यात,” मी म्हणालो.

“कोण, वडील?”

माझ्या वडिलांबद्दल त्याला काही ठाऊक नव्हते. नुसती मान हलवली असती तरी त्याने रजा दिली असती. मनाने तो वाईट नाही. मागून गाड्यांचे भोंगे सुरू झाले. “नाही,” मी म्हणालो. “माझा कुणी नाही.”

“कुणी नाही, तर मग चढ की!” तो खरोखर गोंधळला होता. त्याच्या बोलण्यात काही चूक नव्हती. मी पाय खाली घेतला. “निरंजन, वेडा झालास का? तुझी जागा भरायला इथं रांग लागलीय, भावा. मग मला फोन करायचा नाही.” बस हलली. त्याने मानेने मला शेवटचे बोलावून पाहिले, मग हात झटकला आणि आत गेला. बस उड्डाणपुलाच्या सावलीतून बाहेर पडून वळेपर्यंत मी पाहत होतो. कुठलाही प्रकाश पडला नाही, समाधानही वाटले नाही. आईला आता काय सांगायचे, एवढेच बुटातल्या खड्यासारखे टोचत होते, आणि ते टोचणे घेऊनच मी परत चालू लागलो. चालण्याचे कधी पळणे झाले, कळले नाही.

“आलास व्हय,” कुशाबाई म्हणाली. “मगाधरनं वढतंय बग ते हात. मी सोडाय गेले तर माजी बोटं वळत्यात कुटं.”

पट्टी ताणून ताणून दोरीसारखी झाली होती आणि गाठी बसल्या होत्या. एक मी नखांनी सोडवली, दुसरी दातांनी. मनगटांवर वळ उठले होते. मोकळा झालेला हात तत्काळ नळीकडे गेला नाही. तो हवेत थांबला, चाचपडला आणि माझ्या शर्टाची बाही मुठीत धरून राहिला. दोन फुगीर पापण्यांमध्ये एक बारीक ओली रेघ उघडली. तिच्यातून त्याने मला पाहिले, की माझ्यापलीकडे, मला सांगता येणार नाही.

“आदिनाथ,” तो म्हणाला. जीभ जड होती, शब्द एकेक करून उतरत होते. “लई येळ लावलास रं.”

आदिनाथ कोण, मुलगा, भाऊ, की केव्हाच न येणारा कुणी, हे मला ठाऊक नव्हते. मी तो नव्हे, असे सांगायला माझे तोंड उघडले. त्याची मूठ घट्ट झाली.

“हो,” मी म्हणालो. “आलो.”

आवाज माझाच होता. पण तो शब्द उच्चारला गेला तेव्हा त्या खाटेपाशी कुणीतरी खरोखर आले होते, आणि कोण ते पाहण्यासाठी मला दाराकडे वळावेसे वाटले नाही.